ढगेवाडीचा समुद्र

"अगं, तुझं ऑफिस घरी आलंय!"

माझ्या नवऱ्यानं बाथरूममधून ही हाक मारली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात घेऊनच गेले. बादलीत तळाला थोडं पाणी होतं आणि त्या पाण्यात बोटाच्या पेराएवढं एक लालसर पिल्लू शेपटी हलवत फिरत होतं. नवरा टॉवेल गुंडाळून भिंतीला टेकून उभा होता.

"मी याच्यासोबत आंघोळ करणार नाही," तो म्हणाला.

मी वाकून पाहिलं आणि ओळखलं. मरळ माशाचं पिल्लू होतं. मला आधी हसू आलं आणि लगेच ते विरलं. का विरलं ते सांगायचं तर आधी माझी नोकरी सांगावी लागेल.

मी मासेखात्यात अधिकारी होते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. माझे वडील गावोगावी सत्यनारायण सांगायला जायचे आणि आमच्या घरात चातुर्मासात लसूणसुद्धा उंबरठ्याबाहेर थांबायचा. मी प्राणिशास्त्र शिकले, परीक्षा दिली आणि सरकारनं मला मासे दिले. आई नातेवाइकांना पुष्कळ वर्षं "पोरगी सरकारी नोकरीत आहे" एवढंच सांगायची. खातं विचारलं की तिला गॅसवर दूध आठवायचं.

दुसरा प्रश्न सगळेच विचारायचे. समुद्र नाही तिथं मासेखातं कशाला? तर धरणं आणि तलाव असतात म्हणून. तलावातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सोसायटीला द्यायचा, पावसाळ्यात माशांची छोटी पिल्लं सोडायची, ती वाढतात का बघायचं, हे आमचं काम. मी आयुष्यात मासा चाखला नाही. पण कुठला मासा आजारी आहे, हे मला लांबून कळायचं.

ती दुष्काळाची वर्षं होती. आणि शहर तर फुगतच चाललं होतं. बीड बायपासच्या पलीकडं आमची कॉलनी होती. अशा कॉलन्यांमध्ये आधी फ्लॅट येतात, मग माणसं येतात, आणि पाइपलाइन येते म्हणतात. बोअर आटले होते. टँकर यायचा, खालच्या हौदात पाणी सोडायचा, तिथून ते वर चढायचं. म्हणजे हे पिल्लू टँकरमधून आलं होतं.

आता मरळ. हा गोड्या पाण्यातला मासा मोठा चिवट. चिखलात तग धरतो, पाण्यावर तोंड काढून हवा घेतो. आणि त्याची गंमत अशी, की पिल्लं झाली की आईबाप दोघंही त्यांच्यावर पहारा देतात. सगळी पिल्लं एका घोळक्यात, लाल ठिपक्यासारखी, पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि खाली आई असते. त्या घोळक्यातलं पिल्लू माझ्या बादलीत आलं, याचा अर्थ पंपाचं तोंड थेट त्या घोळक्यात होतं. एक जिवंत पोचलं, तर वाटेत पंपात किती गेली असतील, हे मला मोजायचं नव्हतं.

टँकरवाला खाली नळी गुंडाळत होता. विचारलं, "कुठलं पाणी भाऊ?"

"ढगेवाडीच्या तलावाचं, म्याडम. एकदम गोडं पानी."

मी नवऱ्याच्या टिफिनचा डबा घेतला, त्यात बादलीतलं पाणी आणि पिल्लू घातलं. त्या दिवशी तो कॉलेजात शिकवायला वडापाव खाऊन गेला. त्याबद्दल त्यानं मला पुढं बरंच ऐकवलं.

चितेगावच्या कंपन्या ओलांडल्या की पैठण रस्ता सोडून आत वळायचं. ढगेवाडी नाव मोठं, ढग मात्र कुणाच्याही डोक्यावर नव्हता. तलावाचा तळ भेगाळला होता. बांधाच्या पायथ्याशी, जुन्या ओढ्याच्या जागी, तेवढा एक डोह उरला होता. त्याच्या काठावर डिझेल पंप धडधडत होता आणि टँकर रांगेत उभे होते.

काशिनाथमामा बांधावर बसले होते. भोई लोकांच्या सोसायटीचे ते चेअरमन. चेअरमन म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं त्यांच्याकडं काहीच नव्हतं, एक रबर स्टॅम्प सोडला तर. त्यांच्या बायको सरूबाई शेजारी जाळं दुरुस्त करत होत्या. मी डब्याचं झाकण उघडलं.

"मामा, हे तुमचंच ना?"

त्यांनी डोकावून पाहिलं. "सरू, हिकडं ये. आपलं लेकरू गावाला गेलतं बघ."

"आगं माय!" सरूबाईंनी डबा माझ्या हातातून ओढूनच घेतला. "कुठं सापडलं वो बाई?"

"माझ्या बादलीत."

त्यांनी पदर खोचला, पंपापासून लांबच्या बाजूनं पाण्यात उतरल्या आणि डबा हळूच तिरपा केला. पिल्लू क्षणभर तिथंच घुटमळलं. मग गेलं. थोड्या वेळानं मधोमध पाणी हललं, एक काळं डोकं वर आलं, गपकन हवा घेऊन खाली गेलं.

"ती माय हाय त्याची," सरूबाई म्हणाल्या. "सकाळधरनं नुस्ती येरझारा घालती."

मला तिथं एकदम भरून आलं. वयानं आणि हुद्द्यानं मी मोठी होते, म्हणून चष्मा पुसला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तलाव आटायला लागला की मच्छीमार राहिलेले सगळे मासे काढून विकतात. त्यात गैर काही नाही, नियमही आड येत नाही, कारण नाही काढले तर ते मरणारच. ढगेवाडीचे लोक मात्र शेवटच्या डोहात जाळं टाकत नसत. त्या डोहाला ते माहेर म्हणत. बाकीचा तलाव हे सासर, तिथं काय व्हायचं ते होऊ दे. माहेरात कुणी कुणाला धरायचं नाही. पाऊस झाला की तिथून मासे पुन्हा तलावभर पसरायचे. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, कुणालाच सांगता येत नव्हतं. मी त्या जिल्ह्यात कितीतरी तलाव पाहिले होते, पण असा डोह दुसरा नव्हता.

"पोटाला नसताना मोह होत नाही?" मी विचारलं.

"व्हतो की," काशिनाथमामा म्हणाले. "माझ्याच मेव्हन्यानं औंदा टाकलं जाळं. हिनं त्याला जेवाय वाढनं बंद केलं."

"अजून बोलत बी नाय मी त्याच्याशी," सरूबाई म्हणाल्या. "लेकुरवाळीला धरतेत व्हय?"

मग मामा गंभीर झाले. "म्याडम, तुमच्या खात्याची पिल्लं पैसे भरून घ्यायला आमच्यानं होत नाय आता. हितलीच मरळ वाढती, तीच आमाला जगवती. हा डोह उपसला, अन् उद्या तलाव काठोकाठ भरला, तरी त्यात काय ऱ्हाईल? निस्तं पानी. मंग सोसायटीचं काय काम? आमी बी कंपनीच्या गेटावर हजेरीला."

"टँकरवाल्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. ते म्हनले, शहरात लोकं तहानलेत. आता तहानलेल्या मानसाला काय म्हनावं?"

त्या तहानलेल्या माणसांत मीच होते. सकाळी त्याच पाण्यानं कणीक मळून आले होते.

निघताना सरूबाईंनी त्यांच्या वाट्याच्या पाण्यातली कळशी आणली आणि डोहात ओतली. गावालाही सरकारी टँकर यायचा आणि तोही ह्याच डोहातून भरायचा. मामा हसले. "हिच्या कळशीनं तलाव भरनार हाय, बघा."

"भरू नाय तं नाय," त्या म्हणाल्या. "तिला दिसतंय ना, कोनतरी घालतंय ते."

तिथून मी सरळ पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरकडं गेले. गायकवाड साहेब. माणूस भला, पण दुष्काळानं पार पिळून निघालेला. टेबलावर दोन फोन आणि दोन्ही वाजत होते. माझं सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं.

"मॅडम, माणसं का मासे?"

"दोन्ही."

"दोन्हीचा पर्याय माझ्याकडं नाही."

"आहे साहेब. तुमच्या पाइपचं तोंड तळाला टेकलंय, शेवटच्या थेंबापर्यंत ओढेल. ते रिकाम्या पिंपाला बांधून तरंगतं ठेवा, तोंडाला पिल्लं अडतील अशी बारीक जाळी लावा, आणि गुडघाभर पाणी राहिलं की पंप बंद. एवढंच मागते."

"गुडघाभर म्हणजे किती टँकर कमी होतात, माहिती आहे?"

"घरी दही लावता ना साहेब? शेवटची वाटी कुणी खातं का? विरजणाला ठेवतोच ना आपण?"

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण शिपाई दारातून डोकावला. "मला पटतंय हो. पण मला कागद लागतो. आरक्षण, अधिसूचना, काहीतरी. उद्या कॉलनीवाले माझ्या केबिनमध्ये घागरी फोडतील, तेव्हा त्यांना काय दही दाखवू?"

कागद माझ्याकडं नव्हता. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, हे मलाही मान्य होतं. मी चहा अर्धवट टाकून उठले. खरं तर मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

ऑफिसात अझहर वाट बघत होता. अझहर आमचा कॉम्प्युटर ऑपरेटर. सरकारचे सगळे फॉर्म त्याच्या बोटांवर होते, आणि त्या सगळ्या फॉर्मांचा त्याला मनापासून कंटाळा होता.

"मॅडम, वो समंदरवाला फॉर्म. आज लास्ट है."

हा समंदरवाला फॉर्म म्हणजे आमच्या ऑफिसातला विनोद होता. सरकारनं ठरवलं होतं की समुद्राचे काही तुकडे राखून ठेवायचे. तिथं मासेमारी एक तर बंद, नाही तर अगदी मोजकी. मासे तिथं निवांत अंडी घालतात, वाढतात आणि तिथून बाहेर पसरतात. याला सागरी संरक्षित क्षेत्र म्हणतात. कल्पना चांगली होती आणि तिची प्रगती दर महिन्याला मुंबईला कळवायची होती. आता हा नमुना फक्त किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांना पाठवला असता तर चाललं असतं. पण सरकारी पत्र 'सर्व जिल्हे' असंच निघतं. त्यामुळं समुद्रापासून इतक्या लांब बसून आम्ही दर महिन्याला त्या रकान्यात 'निरंक' लिहायचो. निरंक म्हणजे काही नाही. सही, शिक्का, रवाना.

त्या वर्षी हा फॉर्म ऑनलाइन झाला होता.

"निरंक टाक आणि पाठव," मी पर्स आपटत म्हणाले.

"निरंक नई ले रा अब. लाल आता. बोलता, जलाशय निवडा."

"शून्य टाक."

"शून्य भी नई लेता. खाली लिस्ट आती, अपने जिले के सब तलाव हैं उसमें." त्यानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. "ढगेवाडी भी है."

मी त्या यादीकडं बघत बसले. फॉर्ममधले प्रश्न वाचले. मासेमारी बंद ठेवलेलं क्षेत्र आहे काय? आहे. स्थानिक मच्छीमारांची संमती आहे काय? आहे. राखणीची व्यवस्था आहे काय? सरूबाई आहेत. सगळी उत्तरं खरी होती. फक्त समुद्र नव्हता, आणि तो आहे का, असं फॉर्ममध्ये कुणी विचारलंच नव्हतं.

"डाल," मी म्हणाले.

अझहरनं माझ्याकडं पाहिलं. "सच्ची?"

"डाल रे."

"और क्षेत्रफळ?"

"मामांना फोन लाव."

मामा म्हणाले, लग्नाच्या मांडवाएवढा आहे. अझहरनं विचारलं, गरिबाच्या लग्नाचा का श्रीमंताच्या? मग दोघांनी मिळून काहीतरी हेक्टर ठरवलं आणि फॉर्म गेला. मला त्याबद्दल तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मुंबईहून फोन आला तो तांडेल साहेबांचा. ते आमचे वरिष्ठ, हे सागरी काम त्यांच्याकडंच होतं. कमी बोलणारा माणूस.

"कुलकर्णी?"

"बोला सर."

"औरंगाबादला समुद्र कधी आला?"

"अजून आला नाही सर."

"मग प्रगतीच्या नकाशावर तुमचा जिल्हा 'पूर्ण' म्हणून हिरवा कसा? अख्ख्या किनाऱ्यावर लाल ठिपके आहेत आणि मराठवाड्यात मधेच एक हिरवा. बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं मला, हे काय आहे म्हणून."

"आपण काय सांगितलंत?"

"तपासून सांगतो म्हणालो. दुसरं काय सांगणार?"

मग मी सगळं सांगितलं. बादली, पिल्लू, माहेर, पंप, सगळं. पलीकडं की-बोर्डची टकटक झाली, त्यांनी ती एंट्री उघडली असावी.

"एंट्री चुकीची आहे," ते शेवटी म्हणाले.

"समुद्रापुरती चुकीची आहे सर. बाकी बरोबर आहे."

"मी स्वतः येतो पाहायला. तोवर हात लावू नका."

"एंट्रीला का डोहाला?"

"दोन्हीला."

"सर, एवढं मेलवर मिळेल का?"

मेल आली. एकच ओळ होती. पाहणी होईपर्यंत सदर क्षेत्राची स्थिती जैसे थे ठेवावी. मी प्रिंट काढून गायकवाड साहेबांसमोर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, वरचं मुंबई कार्यालयाचं नाव बघितलं आणि खुर्चीत मागं टेकले. त्यांना इतकं हायसं वाटलेलं पाहून मलाच नवल वाटलं.

"लागलं की हो दही," ते म्हणाले. "आता मी कुणालाही दाखवू शकतो."

दुसऱ्याच दिवशी पाइपचं तोंड पिंपावर चढलं. जाळी सोसायटीनंच दिली, सरूबाई दुरुस्त करत होत्या त्याच जाळ्याचा तुकडा, दुमडून बारीक केलेला. काठावर एक दगड रोवला. पाणी त्या दगडाला लागलं की पंप बंद, आणि तोवर रोजचे टँकर निम्मे, असं ठरलं.

आणि आमच्या कॉलनीत टँकर एक दिवसाआड यायला लागला. हे कुणामुळं झालं, ते लपून राहिलं नाही. कॉलनीच्या मीटिंगमध्ये तळमजल्यावरच्या जोशीकाकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मासे पाळायची एवढी हौस असेल तर घरात काचपेटी ठेव ना!" तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गुडघ्यांवर हात ठेवत एकेक बादली वर नेताना दिसले की मला अपराध्यासारखं व्हायचं. त्यांच्या बादल्या मी न्यायला लागले. नवरा अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, "तुझ्या मरळीला सांग, पाठीला साबण तसाच राहिलाय." पण संध्याकाळी पहिला प्रश्न त्याचाच असायचा. पिल्लं कशी आहेत?

तांडेल साहेब आले ते ऐन उन्हात. पांढरा शर्ट, पायात बूट, हातात फाइल. बांधावर चढले आणि डोहाकडं बघत उभे राहिले. पाणी दगडाला टेकायला आलं होतं. पंप त्या दिवशी बंद होता.

"हे?" ते म्हणाले.

"हेच सर."

"आदेश कुणाचा आहे इथं? कुणी बंद केली मासेमारी?"

प्रश्न सरूबाईंना होता. त्या गोंधळल्या. "आदेश कसला साहेब? माहेर हाय ते."

साहेबांनी फाइल बंद केली. मग बूट काढले, मोजे काढून त्यात खोचले, आणि खाली उतरून पाण्याच्या कडेला जाऊन बसले. आम्ही बांधावरच थांबलो. लालसर घोळका मधे फिरत होता. पिल्लं आता मोठी झाली होती, रंग उतरायला लागला होता. आई वर आली, हवा घेतली, खाली गेली. साहेब तिथून हलेनात. शेवटी मी पाण्याची बाटली घेऊन खाली गेले.

"माझे वडील नाखवा होते, मासेमारीच्या होडीचे मालक," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "आमच्या गावासमोरचाच समुद्र राखीव करायचा प्रस्ताव आहे. माझ्याच टेबलावर तयार झाला. नकाशा घेऊन गावात गेलो तर चुलत्यानं ओटीवर बस म्हटलं नाही. ज्या काकीनं मला लहानाचं मोठं केलं, तिनं चहा विचारला नाही."

मी बाटली त्यांच्यापुढं धरली.

"आमच्याकडंही एक खडक आहे, कुलकर्णी. ठरावीक दिवसांत आजोबा तिकडं होडी नेत नसत. लहानपणी त्यांच्याबरोबर असायचो मी. नकाशा केला तेव्हा मला तो खडक आठवलाच नाही." त्यांनी बाटली घेतली, एक घोट प्यायले. उरलेलं पाणी डोहात ओतलं. सरूबाईंना ते करताना त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

गाडीत बसण्याआधी ते पुन्हा साहेब झाले.

"मला हे निरंक करावं लागणार."

माझं तोंड उतरलं. दगडाखालचं ते गुडघाभर पाणी म्हणजे दोन-चार दिवसांचं काम, हे मला ठाऊक होतं. मागं काशिनाथमामा उभे होते. त्यांना निरंकचा अर्थ माहीत नव्हता, पण माझा चेहरा वाचता येत होता.

"समजलं सर."

"पाहणी अहवाल लिहून झाल्यावर."

"कधी लिहिणार सर?"

त्यांनी वर पाहिलं. कोरडं, पांढरं आभाळ होतं. "माझं मराठी टायपिंग फार सावकाश आहे," ते म्हणाले.

सरकारी कामात उशीर होतो, ही तक्रार मी आयुष्यभर ऐकली आणि बऱ्याचदा केलीही. पण त्या उन्हाळ्यात एका माणसानं ठरवून, मन लावून उशीर केला. पाणीपुरवठ्याकडून विचारणा आली की मी कळवायचे, पाहणी अहवाल अपेक्षित आहे. मी मुंबईला विचारलं की तिथून यायचं, अहवाल तयार करण्याची कार्यवाही सुरू आहे. आणि अहवाल येईपर्यंत स्थिती जैसे थे. पाणी दगडाला लागलं, तसा गायकवाड साहेबांनी पंप उचलला आणि दुसऱ्या तलावावर नेला. जोशीकाकूंच्या नळाला मग कुठलं पाणी आलं, मला माहीत नाही. मासे मात्र पुन्हा आले नाहीत.

डोह आटत आटत अगदी परातीसारखा उथळ झाला. सरूबाईंची कळशी चालूच होती, आणि मामा आता हसत नव्हते, तेही एक ओतायचे. मेव्हणा दिवसा राखणीला बसायचा. त्याला जेवायला मिळू लागलं होतं.

पाऊस उशिरा आला, पण आला. मामांचा फोन मला ऑफिसात आला. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता.

"म्याडम, माहेर भरलं. लेकरं सासरी निघाली."

मी फोन ठेवला आणि अझहरसमोर रडले. त्यानं पंखा माझ्याकडं वळवला आणि उगाच की-बोर्ड पुसत बसला.

त्याच आठवड्यात तांडेल साहेबांचा पाहणी अहवाल आला. चांगला लांबलचक होता. निष्कर्ष शेवटच्या ओळीत होता, 'सदर ठिकाणी समुद्र आढळून आला नाही.' अझहरनं मुंबईच्या सांगण्यावरून एंट्री काढली. प्रोग्राम तोवर सुधारला होता, निरंक घ्यायला लागला होता. नकाशावरचा एकुलता हिरवा ठिपका गेला आणि आमचा जिल्हा इतरांसारखा झाला. ढगेवाडीची सोसायटी आजही आहे. कंपनीच्या गेटावर त्यातलं कुणी गेलं नाही. माझ्या निवृत्तीला ते सगळे आले होते आणि मासे न खाणाऱ्या मला काय द्यावं या पंचाइतीत पडून शेवटी त्यांनी दह्याचं मोठं मडकं आणलं होतं.

तांडेल साहेब त्यानंतर वर्षभरानं पुन्हा बोलले. सुटीच्या दिवशी फोन आला. मागं लाटांचा आवाज होता.

"गावी आलोय," ते म्हणाले. "या वेळी नकाशा आणला नाही. चुलत्याला म्हटलं, आजोबांच्या खडकापाशी घेऊन चल. दिवसभर होडीत होतो. म्हातारा बोटानं दाखवत होता, कुठून कुठपर्यंत."

"मग सर, प्रस्तावाची प्रगती?"

"निरंक," ते म्हणाले. "पण काकीनं चहा दिला, कुलकर्णी."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. कुठल्याही तालुक्यातून 'निरंक' आला की सही करण्याआधी तिथल्या माणसाला फोन लावायचा आणि विचारायचं, बाकी काय चाललंय? पुष्कळदा तिथं खरंच काही चाललेलं नसायचं.